मोठ्या पानांचा कोलियस: लागवड, निगा आणि छाट कलमे

रंगीत पानांच्या शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या कोलियसच्या मोठ्या पानांच्या वाणाचे पूर्ण वाढलेले एक पान तळहातावर ठेवले, तर तळहात त्याखाली झाकला जातो. ‘काँग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणांची पाने सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि झाडाची उंची मात्र ४५ ते ५० सेंटिमीटरच्या आसपासच राहते. बेताच्या चणीच्या झाडावर एवढा मोठा पसारा असतो, ही गोष्ट नवशिक्याने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. कारण उन्हाने रंग उडणे, दुपारी झाडाने माना टाकणे, वाऱ्याने पाने फाटणे आणि कलम रुजण्याआधीच सुकून जाणे या नेहमीच्या चारही तक्रारींचे मूळ त्या रुंद पानांतच असते. लहान पानांचा साधा कोलियस ज्यांनी कुंडीत सहज वाढवला आहे, त्यांचेही मोठ्या पानांच्या वाणाशी पहिल्या खेपेला नीट जमत नाही, ते याच कारणाने.

नावाचा घोळ आधी निस्तरून घेऊ. रोपावरच्या चिठ्ठीवर कोलियस, सोलेनोस्टेमॉन किंवा प्लेक्ट्रँथस यांपैकी काहीही लिहिलेले असू शकते आणि तिन्ही नावे त्याच एका वनस्पतीची असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ साली हिचे वर्णन केले ते चक्क तुळशीच्या प्रजातीत, ‘ऑसिमम स्कुटेलॅरिऑइडीस’ या नावाने. पुढे ती प्लेक्ट्रँथस, कोलियस आणि १९७५ मध्ये सोलेनोस्टेमॉन अशी फिरत राहिली आणि २०१९ मधील वर्गीकरणात पुन्हा कोलियस या नावावर आली. लिनियसचे तुळशीशी नाते जोडणे अगदीच अनाठायी नव्हते. कोलियस तुळशीच्याच कुळातला आहे. त्याचे चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पानांची जोडी आणि शेंड्यावर येणारा मंजिरीसारखा तुरा पाहिला की ते लगेच पटते. घरोघरी असणारा पानओवा तर त्याच्याच प्रजातीतला आहे. हे नाते उपयोगाचेही आहे, कारण या कुळातल्या पुष्कळ झाडांप्रमाणे कोलियसची फांदीही फार सहज मुळे धरते.

रोप निवडताना

पहिले रोप तयार आणावे, बियांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. रोपवाटिकेत सर्वांत उंच रोपाकडे हात जातो, पण उंच आणि विरळ रोप म्हणजे उजेडासाठी ताणलेले रोप. बुंध्यापासून दोन-तीन फुटवे निघालेले, दोन सांध्यांमधले, म्हणजे पानांच्या दोन जोड्यांमधले, अंतर कमी असलेले आणि खालची पाने शाबूत असलेले बुटके रोप घ्यावे. पान उलटून मागची बाजू आणि देठाची बगल पाहिल्याशिवाय रोप घरी आणू नये. तिथे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण असतात आणि एका रोपाबरोबर ते सगळ्या कुंड्यांत पसरतात. शेंड्यावर तुरा आलेले रोपही शक्यतो टाळावे, कारण त्याची पाने वाढवण्याची उमेद बरीचशी संपलेली असते.

जागा

कोलियस मुळात आग्नेय आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशातला आहे. त्याला ऊब हवी, हवेत ओलावा हवा आणि उजेडही हवा, पण मोठ्या पानांच्या वाणांना थेट तळपते ऊन सोसत नाही. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास आणि उरलेला दिवस उजळ सावली, ही त्यांच्यासाठी सर्वांत चांगली जागा. ‘उजळ सावली’ म्हणजे किती, असा प्रश्न नेहमी येतो. दिवसा दिवा न लावता पुस्तक आरामात वाचता येईल आणि हाताची सावली जमिनीवर फिकट का होईना पडेल, इतका उजेड असावा. घरात ठेवायचे असल्यास पूर्वेकडची खिडकी उत्तम.

जागा चुकली आहे की बरोबर, हे पाने स्वतःच सांगतात. उजेड कमी पडला की लाल आणि गुलाबी भाग मंदावतो, हिरवा रंग वरचढ होतो आणि खोड लांबत जाते. ऊन जास्त झाले की रंग धुऊन काढल्यासारखा फिका पडतो आणि पानाच्या मधोमध किंवा कडेला कागदासारखे कोरडे तपकिरी डाग उमटतात. करपलेले पान पुन्हा सुधारत नाही. जागा बदलल्यावर येणारी नवी जोडी कशी दिसते, यावरून निर्णय बरोबर ठरला की नाही ते ठरवावे. त्यासाठी दोन आठवडे थांबण्याची तयारी हवी. रोज कुंडी उचलून इकडून तिकडे केल्याने काहीच कळत नाही.

वाऱ्याचा विचार फार थोडे लोक करतात. मोठे पान हे शिडासारखे असते. वाऱ्याने ते शेजारच्या फांदीवर घासते, देठापाशी पिरगळते आणि त्याची कड फाटते. आडोसा असलेला कोपरा हा या झाडासाठी उजेडाइतकाच महत्त्वाचा आहे.

थंडीविषयी एवढेच सांगणे पुरे: तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की वाढ जवळजवळ थांबते, १० अंशांच्या खाली पाने काळवंडून गळू लागतात आणि हिमकण पडले तर झाड एका रात्रीत संपते. थंड प्रदेशात म्हणूनच ते एका हंगामाचे झाड मानले जाते, एरवी ते बहुवर्षायू आहे.

कुंडी आणि माती

छोट्या रोपाला एकदम मोठ्या कुंडीत लावण्याचा मोह आवरावा. मुळे जिथवर पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि ती ओल मुळांकडे सडण्याच्या रूपाने परतते. रोप ८ ते १० सेंटिमीटरच्या पिशवीतून आणले असेल, तर ते आधी १५ सेंटिमीटरच्या कुंडीत लावावे आणि मुळे तळाच्या छिद्रातून डोकावू लागली की २० ते २५ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवावे. मातीचे मिश्रण हलके असावे. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा भुसभुशीत माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज कण) किंवा जाडसर वाळू हे प्रमाण मला सोयीचे वाटते, पण त्यात थोडे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. मूठभर ओले मिश्रण दाबून मूठ उघडली असता गोळा बनावा आणि बोटाने टोचताच तो मोकळा व्हावा, ही खरी परीक्षा.

खत बेताने द्यावे. वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे संतुलित द्रवखत पुरेसे होते. नत्र जास्त झाले की पाने मोठी आणि लुसलुशीत होतात खरी, पण रंग मंदावतो, आणि कोलियस लावायचा तो रंगासाठीच.

पाणी

नवशिक्यांची सर्वाधिक रोपे जातात ती पाण्यापायी, आणि त्यांतली बरीचशी जातात जास्त पाण्याने. याचे कारण समजण्यासारखे आहे. रुंद पानांतून पाणी इतक्या झपाट्याने उडून जाते, की उन्हाच्या वेळी मुळांना ते तितक्या वेगाने पुरवता येत नाही, आणि कुंडीत पुरेशी ओल असतानाही झाड दुपारी माना टाकते. ते पाहून घाईघाईने पाणी घातले जाते. दुसऱ्या दिवशीही तेच होते. आठवडाभरात माती चिखल होते, मुळांना हवा मिळेनाशी होते, ती सडतात, आणि सडलेली मुळे पाणी शोषत नसल्यामुळे झाड आता सकाळीही कोमेजलेले दिसते; मग आणखी पाणी पडते.

म्हणून कोमेजलेले झाड दिसताच आधी बोट मातीत दोन पेरे खुपसावे. आत ओल लागली तर पाणी न घालता झाड सावलीत सरकवावे आणि संध्याकाळी पुन्हा पाहावे; निरोगी झाड तोवर आपोआप ताठ होते. माती कोरडी लागली तर तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश पाणी द्यावे आणि बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे. कुंडी उचलून तिचे वजन पाहण्याची सवय लावून घेतली, तर थोड्याच दिवसांत बोट खुपसण्याचीही गरज उरत नाही. पाणी मातीवर घालावे, पानांवर नव्हे. मोठ्या पानांच्या खोलगट भागात थेंब साचून राहतात आणि रात्रभर ओले राहिलेले पान बुरशीला आमंत्रण देते.

शेंडा आणि तुरा

साध्या कोलियसचा शेंडा वरचेवर खुडला की तो भरगच्च होतो. मोठ्या पानांच्या वाणांना मात्र बुंध्यापासून आपोआप फुटवे येतात, त्यामुळे त्यांचा मधला शेंडा खुडण्याची गरज सहसा पडत नाही. खुडल्यास नव्या शेंड्यांवरची पाने काही काळ लहान येतात. एकच खोड सरळ वर जात असेल, तरच एकदा चार जोड्यांच्या वर शेंडा काढावा.

तुऱ्याचे तसे नाही. दिवस लहान होऊ लागले किंवा झाड जुने झाले की शेंड्याची पाने एकाएकी बारीक होऊ लागतात आणि मधून निळसर-जांभळ्या फुलांचा तुरा वर येतो. तो दिसताक्षणी खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडून टाकावा. फुले देखणी असतात, पण ती फुलू दिली की झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि नवी पाने लहान व विरळ येतात.

छाट कलम

आता या लेखातला मुख्य भाग. कोलियसचे रोप वाढवण्याचा सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे फांदीचे कलम, आणि आवडलेला रंग जसाच्या तसा टिकवायचा असेल तर हाच एक मार्ग आहे. सकाळच्या वेळी, पाने पाण्याने ताठ असताना, तुरा न आलेली एखादी बाजूची फांदी निवडावी. ती ना अगदी कोवळी, ना बुंध्याशी लाकडासारखी टणक झालेली असावी. ८ ते १० सेंटिमीटर लांबीची, पानांच्या दोन-तीन जोड्या असलेली फांदी पुरते. ज्या ठिकाणी पानांची जोडी खोडाला चिकटते तो सांधा शोधून, त्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली धारदार आणि पुसून स्वच्छ केलेल्या पात्याने सरळ काप घ्यावा. बोथट कात्रीने खोड चेपते आणि चेपलेल्या जागेतून सड सुरू होते.

यानंतरची कृती मोठ्या पानांच्या वाणांसाठी विशेष महत्त्वाची आहे. खालची एक किंवा दोन जोड्या देठासकट काढाव्यात, शेंड्याची कोवळी जोडी ठेवावी आणि तिच्या खालची मोठी पाने राहिली असतील तर ती आडवी कापून निम्मी करावीत. एवढे सुंदर पान कापायला पहिल्यांदा हात धजत नाही. पण या क्षणी फांदीला मुळे नाहीत. जितका पानांचा पसारा जास्त, तितके पाणी उडून जाणार, आणि भरून काढायला काहीच नाही. कापलेली पाने पुढे तशीच अर्धी राहतात, नवी पाने मात्र पूर्ण येतात, आणि जुनी अर्धी पाने नंतर खुडून टाकता येतात.

पाण्यात रुजवायचे असल्यास एका लहान काचेच्या भांड्यात खालचा उघडा सांधा बुडेल एवढेच पाणी घ्यावे. एकही पान पाण्यात बुडता कामा नये. भांडे उजळ सावलीत ठेवून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून काचेतून न्याहाळत गेल्यास सांध्याच्या आसपास मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असे पांढरे उंचवटे दिसू लागतात. हीच मुळांची सुरुवात. त्यांपैकी काही उंचवटे एक-दोन दिवसांत पांढऱ्या दोऱ्यांसारखे खाली उतरतात. मुळे २ ते ३ सेंटिमीटरची झाली की फांदी लगेच मातीत लावावी. आणखी वाढू देण्यात फायदा नाही, कारण पाण्यात वाढलेली लांब मुळे ठिसूळ असतात, लावताना तुटतात आणि मातीशी जुळवून घ्यायला वेळ लावतात. लावल्यानंतरचा पहिला आठवडा माती एरवीपेक्षा थोडी अधिक ओलसर ठेवावी.

मी स्वतः मात्र आता थेट मिश्रणातच कलमे लावतो. निम्मे कोकोपीट आणि निम्मे परलाइट घेऊन ते ओले करावे आणि मुठीत पिळून जादा पाणी काढून टाकावे. लहान कुंडी भरून पेन्सिलीने भोक पाडावे, फांदी त्यात सांधा गाडला जाईल अशी ठेवून भोवतालचे मिश्रण बोटाने हलकेच दाबावे. फांदी सरळ मातीत खुपसली तर कापाची जागा सोलवटते, म्हणून भोक आधी पाडायचे. मुळे फुटण्याचे संजीवक लावले तर चालते, पण कोलियसला त्याची गरज नाही. कुंडीवर पारदर्शक पिशवी घालावी आणि ती पानांना चिकटू नये म्हणून दोन काड्यांचा आधार द्यावा. पिशवीच्या आत थोडे दव जमले पाहिजे; पाण्याच्या धारा लागल्या असतील तर ती तासभर उघडावी. ही कुंडी उन्हात ठेवली तर आतले कलम उकडून निघते, हे विसरू नये.

तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तर एक ते दोन आठवड्यांत मुळे धरतात. फांदी दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढ द्यावी; ती मातीला धरून बसली आहे असे जाणवले की मुळे आली. उपटून पाहू नये. पिशवी एकदम न काढता तीन-चार दिवसांत थोडी थोडी उघडत न्यावी, कारण दमट हवेत राहिलेली मोठी पाने कोरड्या हवेत एका तासात लोळतात.

नुसते पान लावले तर रोप होईल का, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटले होते. एकदा तुटलेले एक देखणे पान मी देठासकट मातीत लावले. त्याला भरपूर मुळे आली, पान कित्येक आठवडे टवटवीत राहिले, आणि मी रोज नव्या कोंबाची वाट पाहत राहिलो. कोंब आला नाही आणि शेवटी पान पिवळे पडून गेले. कारण साधे आहे: नवा कोंब फुटतो तो पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून, आणि तो डोळा खोडावर असतो, देठावर नाही. पानाबरोबर बगलेतल्या डोळ्यासह खोडाचा सेंटिमीटरभर तुकडा घेतला, तर त्यापासून रोप होऊ शकते. एकाच फांदीपासून अनेक रोपे हवी असतील तेव्हा ही युक्ती कामी येते, मात्र ते रोप शेंड्याच्या कलमापेक्षा बरेच सावकाश वाढते.

बियांपासून

एकाच वाणाची पुष्कळ रोपे हवी असतील तर बिया पेराव्यात. बी अतिशय बारीक असते आणि त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली गाडायचे नाही. ओलसर, बारीक चाळलेल्या मिश्रणावर बी पसरावे, सपाट फळीने हलके दाबावे आणि वर काच किंवा पारदर्शक झाकण ठेवावे. तापमान २१ ते २४ अंश असल्यास एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. पाणी वरून ओतल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जमते, म्हणून तबक खालून पाण्यात ठेवावे किंवा बारीक फवारा वापरावा. अंकुर आल्यावर झाकण काढून हवा खेळती ठेवावी, नाहीतर रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात.

सुरुवातीची पाने हिरवट दिसली तरी निराश होऊ नये. खरा रंग पुढच्या जोड्यांतून उमटत जातो. मिश्र रंगांच्या बियांतून विरळणी करताना सर्वांत जोमदार हिरवी रोपे ठेवून मागे पडलेली उपटून टाकण्याची चूक होते. ज्या पानांत हरितद्रव्य कमी ते रोप सावकाश वाढते, आणि नेमके तेच पुढे सर्वांत रंगीत निघण्याचा संभव असतो. पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप वेगळे लावावे, आणि उचलताना ते खोडाला नव्हे, पानाला धरावे. पेरणीपासून दृष्ट लागण्यासारखे रोप व्हायला साधारण तीन महिने लागतात. घरच्या झाडावर धरलेले बी पेरल्यास रोपे आईसारखी निघतीलच असे नाही.

कीड आणि रोग

पिठ्या ढेकूण थोडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढावेत. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पानांच्या मागच्या बाजूने साबणाचे सौम्य पाणी किंवा निमतेल संध्याकाळी फवारावे, पण मोठ्या पानांवर आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. पानाला मोठी, वेडीवाकडी भोके पडली असतील आणि कीड दिसत नसेल, तर रात्री टॉर्च घेऊन पाहावे. बहुधा गोगलगाय सापडते.

केवडा रोग मात्र गंभीर आहे. अमेरिकेत कोलियसवर तो २००५ साली आढळला. पानावर तपकिरी ठिगळे उमटतात, पाने पिळवटतात, गळतात आणि मागच्या बाजूला राखाडी बुरशीची लव दिसते. अशा झाडाची कलमे घेऊ नयेत. ते पिशवीत बंद करून टाकून द्यावे. घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास कोलियस त्यांच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर ठेवावा, कारण पाने चघळल्यास त्यांना उलट्या आणि जुलाब होऊ शकतात.

झाड जुने झाल्यावर

वर्ष-दीड वर्षात बुंधा लाकडासारखा होतो, खालची पाने गळतात आणि झाड उघडे पडते. त्याला खत-पाणी घालून पूर्वपदावर आणण्याचा खटाटोप मी सोडून दिला आहे. त्यापेक्षा त्याचेच शेंडे घेऊन नवी रोपे करावीत आणि ती नीट लागल्यावर जुने झाड काढून टाकावे. कधी एखाद्या फांदीवर वेगळ्याच रंगाची किंवा पूर्ण हिरवी पाने येतात. हिरवी फांदी जोमाने वाढून बाकीच्या झाडाला झाकते, म्हणून ती बुंध्यापासून छाटावी. वेगळा रंग आवडला तर त्या फांदीचे कलम स्वतंत्र लावावे. थंडीपूर्वी दोन-तीन कलमे घरात, खिडकीपाशी ठेवली, तर बाहेरचे झाड गेले तरी वाण हातातून जात नाही. प्रत्येक कुंडीवर वाणाचे नाव आणि कलम लावल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. शाईची अक्षरे पाण्याने पुसली जातात.